बिरवाडीचा विंचू आणि एक ए-बी टेस्ट

महाड म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, चवदार तळं आठवतं. आजची गोष्ट तिथून जवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्याची.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे रुजू झाले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की लोक आधी विंचू उतरवायला मांत्रिकाकडे जायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंट घामाने निथळलेला, हातपाय गार, उलट्या चालू, मग दम लागायचा. नेमका उपचारच नव्हता. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसेक दगावायचे.

बावस्कर नोंदी करत राहिले. नाडी, बीपी, फुप्फुसं. विषामुळे अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा अंगात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. सुरुवातीच्या लक्षणांवरचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये थेट 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. ही बीपीची स्वस्त गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं!

पण मला भारी वाटतं ते यानंतरचं. इकडे आपल्या दादरला लागून असलेल्या परळच्या हाफकिनमध्ये लाल विंचवावरचं प्रतिविष तयार झालं. मग प्रश्न आला: गोळी एकटी पुरते, की जोडीला प्रतिविष हवं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी ए-बी टेस्ट करतो. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला तेच केलं, तेही ज्या गोळीने त्यांचं नाव झालं तिच्यावरच. ७० रुग्ण घेतले. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं नाही. ३५ जणांना फक्त गोळी, ३५ जणांना गोळी अधिक प्रतिविष. निकाल २०११ मध्ये 'बीएमजे'त आला. नुसत्या गोळीवर बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, दोन्ही मिळून ८ तास. प्रकृती आणखी बिघडलेल्यांची संख्या मात्र दोन्हीकडे सारखीच होती. म्हणजे गोळी खोटी ठरली नाही, तिला जोडीदार मिळाला.

गावच्या दवाखान्यात एकच डॉक्टर आणि मोजक्या खाटा असतात. तिथे वाचलेले नऊ-दहा तास म्हणजे पुढच्या पेशंटसाठी मोकळी झालेली खाट.

आणि हो, गणपतीला गावी जाल तेव्हा विंचू चावलाच, तर मनाने गोळी घेऊ नका. १०८ लावा, दवाखाना गाठा. भेटू पुढच्या भागात!