चिंतनशील पर्यवेक्षण

समाजकार्यकर्त्याने आपल्याकडील प्रकरणांविषयी आणि ती हाताळताना मनात उठलेल्या भावनांविषयी अनुभवी पर्यवेक्षकाशी ठरल्या वेळी, विश्वासाने केलेली चर्चा म्हणजे चिंतनशील पर्यवेक्षण. किती गृहभेटी झाल्या, अहवाल गेला का, ही चौकशी प्रशासकीय पर्यवेक्षणात येते. ॲल्फ्रेड कादुशिन या अमेरिकी अभ्यासकाने १९७६ च्या ग्रंथात पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारी अशी तीन कार्ये मांडली. प्रत्यक्षात पहिलेच उरलेल्या दोन्हींची जागा खाते. डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने १९८३ मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यानंतरचा विचार असा भेद केला. चिंतनशील पर्यवेक्षणाला या भेदाचा मोठा आधार मिळाला.

एक उदाहरण घेऊ. मारहाणीची तक्रार मागे घेणाऱ्या बाईबद्दल कार्यकर्ती नोंदवहीत लिहिते, ‘समजावूनही ऐकत नाही.’ पर्यवेक्षक तिला विचारतात, “तुला राग नेमका कधी आला?” आठवता आठवता तिच्या लक्षात येते की ‘तक्रार केली तर रात्री मुलांना घेऊन कुठं जाऊ?’ असे बाईने विचारले तेव्हा आपल्याकडे उत्तर नव्हते. पुढची भेट मग निवाऱ्याच्या प्रश्नापासून सुरू होते. कार्यकर्तीचा राग इथे प्रकरणाचीच माहिती ठरला. अशिलाशी असलेल्या नात्यातले ताण पर्यवेक्षणाच्या नात्यात उमटतात, हे मनोविकारतज्ज्ञ हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले होते.

या चर्चेच्या अभावाची किंमत इंग्लंडमध्ये फार मोठी पडली. आठ वर्षांच्या व्हिक्टोरिया क्लिंबीचा फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळाने मृत्यू झाला. समाजसेवा विभाग, पोलीस, रुग्णालये या सर्वांशी तिचा संबंध आला होता. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालाने ढिसाळ पर्यवेक्षणावर बोट ठेवले आणि चांगल्या समाजकार्याचा पाया पर्यवेक्षणच असल्याचे बजावले.

भारतात पर्यवेक्षणाची सवय शिकतानाच लावली जाते. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी विद्यालय (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाले. अशा संस्थांतील समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याबरोबर वैयक्तिक आणि गट चर्चा येतात. विद्यार्थी भेटीतला संवाद आठवेल तितका जसाच्या तसा लिहितो, पर्यवेक्षक समासात प्रश्न टाकतात, आणि आठवड्याच्या बैठकीत त्यांवर बोलणे होते. नोकरी लागल्यावर मात्र ही सवय बहुधा सुटते. बालसंरक्षण किंवा समुपदेशन केंद्रात एकट्याने प्रकरणे पेलणाऱ्यांना तिची खरी गरज असते. पर्यवेक्षण ही त्यांच्यावरची मेहेरबानी नव्हे. तो कामाचाच भाग आहे आणि त्यासाठी कामाच्या तासांतूनच वेळ मिळायला हवा.

वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारीच पर्यवेक्षक असेल, तर कार्यकर्ता आपली भीती किंवा गोंधळ सहसा उघड करत नाही. म्हणून काही संस्था बाहेरचा पर्यवेक्षक नेमतात, तर काही समवयस्कांचे गट चालवतात. मूल धोक्यात असल्याचे चर्चेत पुढे आले, तर गोपनीयता बाजूला ठेवून लगेच कारवाई करावी लागते. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितली जाते.