रग्बीच्या हेडमास्तरांची पत्रं : छापलेली आणि न छापलेली



आजचा विषय म्हणजे एका निवासी शाळेच्या हेडमास्तरांचा पत्रव्यवहार. ऐकायला जरा रुक्ष वाटेल. हेडमास्तर पत्रं लिहिणार ती कसली? फी थकली आहे, मुलगा गणितात कच्चा आहे, सुट्टीनंतर वेळेवर पाठवा. पण आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांच्या पत्रांचं दोन खंडांचं पुस्तक निघालं, आणि इंग्लंडातल्या कित्येक शाळा पुढे त्या पुस्तकाकडे बघून चालल्या. हे डॉ. थॉमस आर्नल्ड. जन्म 1795, मृत्यू 1842. शेवटची 14 वर्षं ते वॉरिकशरमधल्या रग्बी शाळेचे हेडमास्तर होते. रग्बी म्हटलं की आपल्याला खेळ आठवतो. तो खेळ याच शाळेचा.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरून टाकतो. आपल्या पुण्याच्या कॉलेजात 1857 च्या सुमारास प्रिन्सिपॉल म्हणून आले ते एडविन आर्नल्ड, 'लाइट ऑफ एशिया'वाले. ते निराळे. यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. कवी आणि टीकाकार मॅथ्यू आर्नल्ड मात्र यांचाच मुलगा. तो आपल्याला पुढे भेटणार आहे.

12 जून 1842 ला, रविवारी सकाळी, छातीत कळ येऊन आर्नल्ड गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना 47 वर्षं पूर्ण झाली असती. दोनच वर्षांनी, 1844 मध्ये, त्यांचा लाडका विद्यार्थी आर्थर स्टॅन्ली यानं 'लाइफ अँड करस्पॉन्डन्स' प्रसिद्ध केलं. स्टॅन्ली तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे तो वेस्टमिन्स्टर ॲबीचा डीन झाला. पुस्तकाची रचना साधी आहे. आयुष्याचा एक टप्पा सांगायचा, की त्याला जोडून त्या काळातली पत्रं. म्हणजे आधी शिष्य बोलतो, मग गुरू.

ही पत्रं जमली कुठून, हा इतिहासवाल्यांचा पहिला प्रश्न. पत्र ज्याला लिहिलेलं असतं त्याच्याकडे ते राहतं. त्यानं जपलं तर टिकतं, आणि चरित्रकाराला दिलं तर छापलं जातं. आर्नल्डची पत्रं जपणारे लोक कोण? ऑक्सफर्डचे मित्र, पुढे न्यायाधीश झालेले कोलरिज, डब्लिनचे आर्चबिशप व्हेटली, प्रशियाचे मुत्सद्दी बुन्सेन, आणि विद्यापीठात गेलेले आवडते माजी विद्यार्थी. ज्यांचं या माणसावर प्रेम होतं, असे सगळे. ज्याच्या मुलाला शाळेतून काढलं त्या बापानं पत्र जपलं असेल का, आणि जपलं असलं तरी स्टॅन्लीकडे पाठवलं असेल का? शिवाय 1840 मध्ये एक पेनीचं टपाल सुरू झालं, त्याआधी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागे, तोही अंतर आणि कागद मोजून. मुलाला घेऊन जा, असं सांगणारं पत्र बाप पदरचे पैसे भरून घेत होता!

आता पत्रांत काय आहे ते बघू. तुम्ही शाळेच्या गोष्टी शोधायला गेलात तर थोडी निराशा होईल. चर्च कसं असावं, राज्यसंस्था आणि धर्म यांचा संबंध काय, रोमचा इतिहास कसा लिहावा, यांवर पानंच्या पानं आहेत. आर्नल्ड रोमचा इतिहास लिहीत होते, आणि 1841 मध्ये ऑक्सफर्डला इतिहासाचे प्राध्यापकही झाले. शाळा मध्येमध्ये डोकावते, पण डोकावते तेव्हा नेमकं बोलते. 1828 च्या मार्चमध्ये, रुजू होण्याआधी, त्यांनी जॉन टकर या मित्राला लिहिलं. त्याचा मतलब असा, की जमलं तर मुलांतून ख्रिस्ती पुरुष घडवायचे आहेत, ख्रिस्ती मुलं घडतील अशी मात्र फारशी आशा नाही. चांगुलपणा पेलायला मुलाचं वय पुरेसं नसतं, असं त्यांचं मत. त्यांची सगळी शिस्त या मतातून निघाली आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांवर विश्वास टाकायचा, त्यांच्या हाती अधिकार द्यायचा, आणि लहान मुलांना त्यांच्याखाली ठेवायचं. 1836 मध्ये डॉ. ग्रीनहिल या माजी विद्यार्थ्याला लिहिलेल्या पत्रात तर ते म्हणतात, की माझ्या मुलाच्या मनात विज्ञानाला पहिलं स्थान मिळण्यापेक्षा सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं तो समजत राहिला तरी मला चालेल. नीतीचं शिक्षण आधी, बाकी सगळं नंतर.

आपल्या दृष्टीनं सगळ्यात बोलका पत्रव्यवहार आहे 1836 सालचा. त्या वर्षी 'एडिंबरा रिव्ह्यू'मध्ये ऑक्सफर्डच्या उच्चचर्चवाल्या गटावर एक जळजळीत लेख निघाला. सही नव्हती, पण लेख कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. गटातल्या माणसांना दुष्टबुद्धी म्हणणारं मथळ्याचं नाव संपादकानं दिलेलं होतं, आर्नल्डनं नव्हे. मजकूरही काही मऊ नव्हता, ते असो. शाळेचे एक विश्वस्त अर्ल हाउ यांनी पत्र पाठवून विचारलं, हा लेख तुमचा का? आर्नल्डनं उत्तर दिलं, की मित्र म्हणून खासगीत विचारलंत तर सांगेन, पण विश्वस्त या नात्यानं विचारायचा तुम्हाला अधिकार नाही. प्रकरण विश्वस्तांच्या बैठकीत गेलं. निषेधाच्या ठरावाला चार मतं बाजूनं, चार विरुद्ध. ठराव पडला, नोकरी वाचली. नोकरदार हेडमास्तराचा हा ताठपणा वाचताना आजही बरं वाटतं. स्टॅन्लीनं ही पत्रं छापली. ती गुरूच्या थोरवीची होती.

इतकं झाल्यावर मी तुम्हाला त्याच शाळेच्या दुसऱ्या बाजूला नेतो. यासाठी स्टॅन्लीचं पुस्तक मिटून ठेवावं लागेल.

आर्नल्डचा एक ठाम सिद्धांत होता. शाळेत राहून ज्या मुलाचं भलं होत नाही, किंवा ज्याच्यामुळे इतरांचं वाईट होतं, त्याला काढायचं. शिक्षा म्हणून नाही, गुन्हा केला म्हणूनही नाही. पालकांना खासगीत सांगायचं, की याला घेऊन जा. शिक्षकाचं पहिलं, दुसरं आणि तिसरं कर्तव्य हेच, असं ते म्हणत. शाळेत तीनशे मुलं असोत की पन्नास, ती सभ्य ख्रिस्ती माणसांची शाळा असली पाहिजे, हे त्यांनी मुलांपुढे उभं राहून सांगितलं होतं. हे सगळं स्टॅन्ली कौतुकानं नोंदवतो. पण ज्या पत्रांनी हे घडवलं ती पत्रं कुठे आहेत? पालकांना लिहिलेली काही मोजकी पत्रं पुस्तकात आहेत, नावं गाळून. बाकी घराघरांतून नाहीशी झाली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याची दिशा बदलणारा कागद कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून राहिला आणि कधीतरी चुलीत गेला.

आर्नल्डच्या पहिल्या काही वर्षांतलाच एक प्रसंग आहे. हेडमास्तरांनी एका मुलाला धडा विचारला. मुलगा म्हणाला, आमचं अजून इथपर्यंत झालेलं नाही. हेडमास्तरांनी वर्गशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, झालंय. म्हणजे मुलगा खोटं बोलतोय. खोटेपणाची आर्नल्डला विलक्षण चीड होती. त्यांनी संतापून त्याला 18 फटके दिले. मुलाची तब्येत मुळातच नाजूक होती. मागाहून कळलं, की मुलाचंच खरं होतं, शिक्षकांची चूक झाली होती. आर्नल्डनं चूक कबूल केली, पण तोवर विरोधी वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं होतं. ही हकिगत जगाला नीट कळली ती टी. डब्ल्यू. बॅमफर्ड यांच्या 1960 च्या चरित्रातून. त्यांनी स्टॅन्लीच्या बाहेरचे कागद तपासले होते.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रग्बी शाळा 1567 मध्ये लॉरेन्स शेरिफ नावाच्या लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्यानं काढली, ती आपल्या गावच्या आणि आसपासच्या मुलांना फुकट शिकता यावं म्हणून. अडीचशे वर्षांत ती बड्या घरच्या मुलांची निवासी शाळा होऊन बसली होती, तरी गावकऱ्यांचा हक्क कागदावर शाबूत होता. पण वरच्या वर्गात यायचं तर आधी लॅटिन हवं. ते खालच्या वर्गांत शिकायचं, आणि आर्नल्डच्या काळात ते खालचे वर्गच हळूहळू आटत गेले. गावातल्या दुकानदारानं मुलाला लॅटिन शिकवायचं कुठे? हक्क आहे आणि दार बंद आहे, अशी ही अवस्था. शेवटी गावातल्या एका वकिलानं प्रकरण चान्सरी न्यायालयात नेलं, आणि 1839 मध्ये निकाल लागला. तो शाळेच्या बाजूनं गेला नाही. आता हे लक्षात घ्या, की याच आर्नल्डनं 1831 मध्ये पदरमोड करून एक साप्ताहिक काढलं होतं, आणि ते बंद पडल्यावर शेफील्डच्या वर्तमानपत्रात कष्टकऱ्यांच्या हालांवर पत्रं लिहिली होती. ती कळकळ खोटी नव्हती. शेफील्डचा मजूर त्यांना दिसत होता, शाळेच्या फाटकाबाहेरचा दुकानदार दिसत नव्हता. मी याला ढोंग म्हणणार नाही. आपल्याकडचेही पुष्कळ सुधारक या एका बाबतीत त्यांचे सोयरे निघतील.

मग स्टॅन्लीनं हे लपवलं का? मला तसं वाटत नाही. 1857 मध्ये 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' ही रग्बीवरची कादंबरी आली. त्यातली दादागिरी, मारामाऱ्या, लहान मुलांचे हाल वाचून स्टॅन्ली म्हणाला, की हे जग माझ्या इतकं जवळ होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तो अभ्यासू, हेडमास्तरांच्या घरी वावरणारा मुलगा. त्याला जे दिसलं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. अडचण अशी, की पुढच्या हेडमास्तरांनी तेवढंच वाचलं.

एक पत्र मात्र न छापलेलं असून बाहेर आलं, आणि पुन्हा आत गेलं. 1866 मध्ये लंडनच्या हायड पार्कमध्ये मताधिकारासाठी जमलेल्या लोकांनी कठडे तोडले. त्या वातावरणात मॅथ्यू आर्नल्डनं 'कल्चर अँड अनार्की' लिहिलं. 1869 च्या पहिल्या आवृत्तीत त्यानं वडिलांच्या एका अप्रकाशित पत्राचा हवाला दिला. चाळीसेक वर्षांपूर्वीचं पत्र, देशात दंगे चाललेले. त्यात वडील आधी सरकारच्या मूर्खपणावर आणि सरदारशाहीच्या धोक्यावर सडकून टीका करतात. मग शेवटी म्हणतात, दंग्यांच्या बाबतीत रोमन लोकांची जुनी रीतच बरोबर, खालच्यांना फटके आणि म्होरक्यांचा कडेलोट. रोममध्ये टार्पियन नावाचा कडा होता, आपल्या रायगडाच्या टकमक टोकासारखा. मुलानं ते वाक्य पसंतीनं दिलं होतं. 1875 च्या आवृत्तीत ते दिसत नाही. त्यानं काढून टाकलं. फटके आणि हकालपट्टी, शाळेचीच पद्धत, एकदम मोठ्या अक्षरांत. ती वाचून बहुधा तोच चरकला असावा.

जाता जाता आपल्या देशाबद्दल. 22 सप्टेंबर 1857 ला दिल्लीत बहादुरशहाच्या शहजाद्यांना ज्यानं स्वतःच्या हातानं गोळ्या घातल्या, तो हॉडसन आर्नल्डच्याच रग्बीत शिकलेला. लहान मुलांवर अधिकार चालवायची जबाबदारी मिळालेल्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी तो एक होता. 'टॉम ब्राउन'ही त्याच वर्षीचं. यावरून आर्नल्डला दिल्लीचा जाब विचारायचा नाही, ते पंधरा वर्षांपूर्वीच गेले होते. पण त्यांनी घडवलेल्या मुलांची यादी करायची, तर त्यात हॉडसनही येतो.

आणि त्यांचा एक मुलगाही इकडे आला. विल्यम डेलाफील्ड आर्नल्ड. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. कंपनीच्या फौजेत दाखल झाला, तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचं वागणं पाहून विटला, आणि 1853 मध्ये 'ओकफील्ड' नावाची कादंबरी लिहून त्यानं ते सांगून टाकलं. पुढे तो पंजाबच्या शिक्षणखात्याचा संचालक झाला. वडिलांच्या छापील पत्रांत 1838 चं एक प्रकरण आहे. लंडन विद्यापीठ बायबलची परीक्षा सक्तीची करायला तयार होईना, म्हणून थॉमस आर्नल्डनं त्याच्या सिनेटचा राजीनामा दिला. त्यानंतर वीस वर्षांनी पंजाबात मिशनरी आणि काही बडे अधिकारी म्हणू लागले, की सरकारी शाळांत बायबल शिकवा. विल्यमनं विरोध केला. 1859 मध्ये परतीच्या वाटेवर जिब्राल्टरला तो वारला. बायको त्याच्या आधीच हिंदुस्थानात गेली होती. चार मुलं पोरकी झाली. ती त्याची बहीण जेन आणि तिचा नवरा फॉर्स्टर यांनी सांभाळली. या फॉर्स्टरनंच 1870 मध्ये इंग्लंडातल्या सर्वसामान्यांच्या प्राथमिक शाळांचा कायदा आणला.