हायब्रिड सायकल आणि कॅरिअरचा प्रश्न

तर झालं असं, की मध्यंतरी मी हायब्रिड सायकल घ्यायला निघालो. बजेट फेलोशिपवर जगणाऱ्या माणसाचं, म्हणजे पंधरा-अठरा हजार. गरजही साधी: सकाळी प्राधिकरणात एक चक्कर, रविवारी देहू नाहीतर आळंदी. चिंचवडच्या एका दुकानात एक सायकल पसंत पडली आणि मी सहज विचारलं, "याला कॅरिअर बसेल ना?" दुकानदार हसला. "सर, हायब्रिडला कॅरिअर कोण लावतं? सगळा शो जातो."

"विषय ठरलाय, पण प्रश्न कसा सापडतो?" असं संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात. माझ्या एका प्रकरणाचा प्रश्न असा सापडला, दुकानात, कॅरिअरवरून.

माझा विषय आहे पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कामगारांचा रोजचा प्रवास. बाबांची सायकल काळी, उंच, रॉडच्या ब्रेकची. कॅरिअरला डबा लावलेला, वर रबरी पट्टा. पगाराच्या दिवशी त्याच कॅरिअरवरून किराणा यायचा आणि पुढच्या दांड्यावर मी. कॅरिअर नसलेली सायकल त्यांना दाखवली असती तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, "मग डबा कुठे ठेवायचा?"

आता थोडा इतिहास. आपल्याकडे सायकल आली ती श्रीमंतांची हौस म्हणून. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो, आणि त्या आरंभात बेळगावचं सायकलचं दुकान आहे. स्वातंत्र्यानंतर देशातच मोठे कारखाने उभे राहिले: मद्रासला टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६). सायकल कामगाराच्या आवाक्यात येऊ लागली. इकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, आणि साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं. पिंपरी ते आकुर्डी अंतर चार-पाच किलोमीटर. सायकलला अगदी बेताचं. चेतकही १९७२ चीच, पण ती बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्या चाळीत स्कूटर बनवणारे काका होते, ते स्वतः कामावर सायकलनेच जायचे.

या माहितीवरून मी पहिला मसुदा लिहिला. मांडणी फार सुबक: सायकल आधी हौस होती, मग गरज झाली, आता हायब्रिडच्या रूपाने पुन्हा हौस झाली. वर्तुळ पूर्ण! मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला: "कशावरून?"

खरंच, कशावरून? माझ्याकडे पुरावा होता जाहिरातींचा, दुकानांचा आणि घरच्या आठवणींचा. जाहिरात विकणाऱ्याला काय विकायचंय ते सांगते. वापरणारा काय करतो ते तिच्यात नसतं. डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) हे पुस्तक सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भातगिरणी यांच्याकडे वापराच्या बाजूने बघायला शिकवतं. यंत्र कुणी शोधलं यापेक्षा ते कुणाच्या हातात पडून काय झालं, हा तिथला प्रश्न आहे.

मग मी मोजदादीकडे वळलो. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ४३.७ टक्के घरांत सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के. त्याच काळात स्कूटर-मोटारसायकलवाली घरं ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेली. म्हणजे दुचाकी वाढली, पण देशाच्या पातळीवर सायकल घरातून गेलेली नव्हती. पण सावध राहा. हा आकडा मालकीचा आहे, वापराचा नाही. माळ्यावर टांगलेली सायकल आणि रोज कामाला जाणारी सायकल या तक्त्यात एकच. शिवाय देशाचा आकडा म्हणजे भोसरीचा आकडा नव्हे. वापर हवा असेल तर २०११ च्याच जनगणनेतला कामाला जाण्याच्या साधनांचा तक्ता बघायचा. तिथे सायकलचा रकाना वेगळा आहे, कामाचं अंतरही दिलंय.

त्याआधीच्या काळासाठी आणखी एक वाट आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये सायकलींवर कर बसवण्याचा अधिकार दिलेला आहे. पिंपरी-आकुर्डी तेव्हा गावंच होती. अशी करवसुलीची वही हाती लागली तर सोनंच. पण तिच्यातही ज्यांनी कर भरला तेच दिसतील. बिल्ला न घेता गल्लीबोळातून निसटणारे तिच्यात नसणार, हे लक्षात ठेवायचं.

आणि शेवटी मी सकाळी मोशीच्या पुढे नाशिक रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. बजाज नव्वदच्या दशकाअखेर चाकणला गेली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली. भोसरीपासून चाकण पंधरा-वीस किलोमीटर, रस्त्यावर कंटेनरची रांग. इतक्या लांब सायकल कोण नेणार? कायम कामगार कंपनीच्या बसमध्ये दिसतात. पण कारखान्यांजवळच खोल्या करून राहणारी कंत्राटी मुलं? ती कडेच्या मातीतून सायकल दामटत होती, कॅरिअरला डबा लावून. बऱ्याच सायकलींना मागे साधा लाल रिफ्लेक्टरही नव्हता, आणि ती रात्रपाळीला त्याच रस्त्याने जातात.

म्हणजे गरज संपलीच नव्हती. ती माझ्या वर्तुळातून बाहेर पडली होती, कारण मी दुकानाच्या काचेतून बघत होतो. याचा परिणाम फक्त प्रबंधापुरता नाही. सायकल म्हणजे हौस असं एकदा कागदावर आलं, की सायकल-मार्ग उद्यानाजवळ आखला जातो आणि चाकणच्या कडेची माती तशीच राहते.

आता सायकलीचं सांगतो, कारण काही जण त्यासाठीच वाचत असतील. तीन प्रश्न विचारा: अंतर किती, रस्ता कसा, ओझं काय? दहा-पंधरा किलोमीटरच्या रपेटीला सात गिअरही पुरतात. आपल्या खड्ड्यांसाठी ३८-४० मिलिमीटरचा टायर बरा. या किमतीतलं पुढचं सस्पेन्शन बहुधा फक्त वजन वाढवतं, साधा चिमटा घ्या. दांड्यावरून पाय टाकून उभं राहून माप बघा. मडगार्ड-कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं आहेत का ते तपासा. दिवे, कुलूप आणि हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि एक गंमत: बाबांच्या सायकलचा टायर २८ इंची, हायब्रिडचा ७००सी, आणि त्यालाही काही जण २८ च म्हणतात. पण रिमवर बसणारा व्यास पहिल्याचा ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. नाव एक म्हणून वस्तू एक समजू नका, हे टायरला लागू आणि जुन्या कागदपत्रांतल्या शब्दांनाही.

मी तीच सायकल घेतली आणि कॅरिअर लावून घेतलं. दुकानदाराने मान हलवली. प्रकरणाचा नवा मसुदा मॅडमकडे गेलाय. "कशावरून?" परत येईलच, पण या वेळी दाखवायला काहीतरी आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातली एक वस्तू निवडा आणि तिच्यावरून काय काढून टाकलं गेलंय ते बघा. काय सापडतं ते मला कळवा.