लकव्यानंतरचा व्यायाम : किती, केव्हा आणि कसा?

घरात कुणाला लकवा (फालिज, अर्धांगवायू) झाला की भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "अब्बांना लवकर चालवा, नाहीतर अंग आखडून जाईल." सल्ला प्रेमाचा आहे, निम्मा खराही आहे. पण घाई अंगावर येऊ शकते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

व्यायाम कशासाठी?
मेंदूचा काही भाग निकामी झाला, तरी उरलेला भाग सरावाने कामे पुन्हा शिकतो. मूल पाढे घोकून शिकते, तसेच. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. लकव्याला ३ ते ९ महिने झालेल्या या रुग्णांपैकी एका गटाच्या चांगल्या हातात मोजा घालून दोन आठवडे कमजोर हाताकडून कसून काम करून घेतले. तो हात सुधारला आणि वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

मग धोका कुठे?
अगदी सुरुवातीला. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'अ‍ॅव्हर्ट' अभ्यासात ५ देशांतले २,१०४ रुग्ण होते. एका गटाला पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करायला लावली. तीन महिन्यांनी त्यातले ४६ टक्के रुग्ण बऱ्यापैकी स्वावलंबी झाले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५० टक्के. म्हणजे जास्त केले म्हणून जास्त फायदा झाला नाही. पण याचा अर्थ महिनाभर अंथरुणावर झोपवून ठेवा, असाही नाही. दुसऱ्या गटातल्या अनेकांनाही पहिल्या एक-दोन दिवसांतच उठवले होते.

घरी काय सांभाळायचे?
- केव्हा आणि किती, हे डॉक्टर व फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. रक्तदाब किती असला तर व्यायाम करायचा नाही, तेही विचारा.
- एकदम तासभर करण्यापेक्षा थोडा थोडा, पण रोज करा.
- कमजोर हात धरून ओढत उठवू नका, खांदा निखळू शकतो.
- वजूला किंवा बाथरूमला जाताना सोबत राहा. ओली फरशी पुसून घ्या.
- चक्कर, छातीत दुखणे, दम लागणे असे झाले की लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.
- तोंड वाकडे होणे, बोली अडखळणे, नव्याने हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

सुधारणा हळूहळू होते. आपण सब्र ठेवू या, पण सराव सोडायचा नाही.