हत्ती संवर्धन व निगा केंद्र, चुरमुरा

उत्तर प्रदेश राज्यातील मथुरा जिल्ह्यात, फरह परिसरातील चुरमुरा गावाजवळ असलेले हत्तींचे आश्रयस्थान. आग्रा–मथुरा महामार्ग येथून जवळ आहे आणि यमुनेचे पात्रही फार लांब नाही. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या स्वयंसेवी संस्थेने २०१० मध्ये उत्तर प्रदेश वनविभागाच्या सहकार्याने हे केंद्र सुरू केले. कार्तिक सत्यनारायण व गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था त्याआधी दरवेश्यांकडील अस्वलांच्या सुटकेसाठी ओळखली जात होती. आग्र्याजवळच्या कीठम येथे तिचे अस्वलांचे केंद्र आहे. सर्कस, वरात, देवळांपुढची भिक्षा आणि पर्यटकांची सवारी यांतून सोडवलेले हत्ती चुरमुऱ्याला आणले जातात. त्यांतले बहुतेक वयस्कर, आजारी किंवा अपंग असतात.

गाय-घोड्यांप्रमाणे हत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडक पैदाशीतून माणसाळलेला नाही. माणसाच्या ताब्यातला हत्ती बहुधा स्वतःच रानात जन्मलेला असतो, नाहीतर त्याची आई तरी रानातून धरून आणलेली असते. पिल्लू कळपापासून तोडायचे, बांधून ठेवायचे आणि उपाशी ठेवून, मारून त्याचा प्रतिकार मोडायचा, अशी त्याला वळण लावण्याची जुनी रीत आहे. भारतात १९७७ पासून हत्तीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे; तरीही मालकीचा दाखला असणाऱ्यास हत्ती बाळगता येतो. या दाखल्यांच्या आडून चोरटा व्यापार होत आला आहे. २०१९ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात माणसांच्या ताब्यात सुमारे अडीच हजार हत्ती होते. त्यांत आसाम व केरळ ही राज्ये आघाडीवर. २०२२ च्या कायदादुरुस्तीने धार्मिक किंवा अन्य कारणासाठी हत्तीचे हस्तांतरण करण्यास वाव दिला, आणि त्याचे नियम २०२४ मध्ये आले. सवारीच्या आणि मिरवणुकीच्या हत्तीला मागणी असेपर्यंत रानातल्या पिल्लावरचे संकट टळणार नाही. म्हणून ताब्यातल्या हत्तींची निगा हा रानातल्या हत्तींच्या संवर्धनापासून वेगळा काढता येणारा विषय नाही.

या केंद्राचे काम समजून घ्यायचे तर हत्तीच्या पायांकडे पाहावे. हत्ती बोटांच्या टोकांवर उभा असतो. टाचेच्या बाजूस चरबी व तंतूंची जाड गादी असते आणि काही हजार किलो वजन ती पेलते. रानात तो माती, चिखल, वाळू, गवत अशा बदलत्या जमिनीवर दिवसभर चालतो. त्यामुळे तळवा आणि नखे योग्य तेवढीच झिजतात. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या हत्तीचे तळवे उन्हात भाजतात, पातळ होतात. काच, खिळा, खडा आत रुततो. एका जागी बांधलेल्या हत्तीचे उलटे होते. तळवा झिजत नाही, नखे वाढून तडकतात, मलमूत्राने भिजलेल्या फरशीवर उभे राहून भेगांत पू धरतो. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला की तो बरा करणे अतिशय अवघड असते, आणि पायांचे विकार व संधिवात ही ताब्यातल्या हत्तींच्या मृत्यूंमागची मोठी कारणे आहेत. साखळदंडाच्या, विशेषतः काटेरी बेडीच्या जखमा त्यात भर घालतात. चुरमुऱ्यात म्हणूनच पायांची निगा हा रोजचा भाग आहे. औषधी पाण्यात पाय बुडवून ठेवणे, तळवा घासून साफ करणे, नखे कानशीने घासणे, मृत कातडी कापणे, जखमेत औषध भरणे. एकेक गळू भरून यायला महिने लागतात. प्रसिद्धीला येते ती सुटकेच्या रात्रीची धावपळ. खरे श्रम मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या या कामात आहेत.

केंद्राला लागून नोव्हेंबर २०१८ मध्ये खास हत्तींसाठीचे रुग्णालय सुरू झाले. अशा प्रकारचे ते भारतातील पहिले. बिनतारी डिजिटल क्ष-किरण यंत्र, सोनोग्राफी, शरीरातील दाहाची जागा दाखवणारे उष्णताचित्रण, लेझर उपचार, जलोपचार, आडव्या पडलेल्या हत्तीला उचलून उभे करणारी यारी अशी साधने तेथे आहेत. यातली यारी सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. फार वेळ एका कुशीवर पडून राहिलेल्या हत्तीच्या स्नायूंवर व फुप्फुसांवर स्वतःच्याच वजनाचा दाब येतो आणि तो दगावू शकतो.

येथे आणलेल्या हत्तींपैकी राजूची कथा जगभर गेली. प्रयाग परिसरात भीक मागण्यासाठी फिरवला जाणारा हा नर सुमारे पन्नास वर्षे साखळदंडात होता. जुलै २०१४ मध्ये रात्रीच्या वेळी त्याची सुटका झाली. त्या वेळी तो रडला, असे वृत्तपत्रांनी छापले. हत्तीच्या डोळ्यांतील पाणी नाकात उतरवणारी अश्रुनलिका नसते, म्हणून ते गालांवरून ओघळते. त्या ओघळावरून त्याच्या मनातले ठरवू नये. पायांत रुतलेल्या काट्यांच्या जखमा पुरेशा बोलक्या होत्या. लक्ष्मी ही हत्तीण महाराष्ट्रातून आली. रस्त्यावर, देवळांसमोर भाविकांनी श्रद्धेने भरवलेला वडापाव आणि मिठाई खाऊन ती धोकादायक ठरेल इतकी स्थूल झाली होती. जून २०१३ मध्ये मुंबईत मुलुंडला बिजली नावाची अशीच भीक मागणारी हत्तीण कोसळून मरण पावली, तेव्हा या खाण्याचा आणि डांबरावरच्या चालण्याचा परिणाम मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिला. लक्ष्मीला येथे हिरवा चारा, मोजका आहार आणि रोजचे चालणे मिळाले आणि तिचे वजन उतरले. सर्कशीतून २०१५ मध्ये आलेली सुझी आंधळी होती. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चावता येत नाही. सुझीचेही तेच झाले होते, म्हणून तिला फळांचा लगदा व मऊ शिजवलेले अन्न दिले जाई. सर्कशीतली माया आणि भीक मागत फिरलेली फूलकली यांची येथे इतकी गट्टी जमली की दोघींना वेगळे ठेवणे शक्य होईना. हत्तीण स्वभावतः कळपात राहणारी. वर्षानुवर्षे एकटे ठेवलेल्या माद्यांना सोबत मिळणे हा औषधाइतकाच मोठा उपचार आहे.

प्रत्येक हत्तीमागे माहूत असतो, पण अंकुश वापरला जात नाही. पाय पुढे करणे, कान दाखवणे, रक्त काढू देणे या गोष्टी फळाचे आमिष दाखवून, सावकाश शिकवल्या जातात. नको असेल तर हत्तीला मागे फिरता येते. सकाळ-संध्याकाळ त्यांना मोकळ्या रानात फिरायला नेतात. आवारात डुंबण्यासाठी कुंड, अंगावर उधळायला माती, खाणे हुडकून काढावे लागेल असे टांगलेले टायर व पिंपे आहेत. उन्हाळ्यात पाण्याचे फवारे लावावे लागतात. ब्रजभूमीतील थंडीही कडक असते. २०१७ च्या हिवाळ्यात आसपासच्या बायकांनी हत्तींसाठी लोकरीचे रंगीबेरंगी पांघरूण-स्वेटर विणून दिले होते.

रानात जन्मलेली बानीही येथेच आली. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात आगगाडीच्या धडकेत तिची आई मेली आणि जेमतेम नऊ महिन्यांच्या या पिल्लाचे मागचे पाय लुळे पडले. मालीश, लेझर, अॅक्युपंक्चर अशा दीर्घ उपचारांनंतर ती पुन्हा चालू लागली, लंगडत का होईना. अधू पायांनी आणि आईवाचून ती रानात टिकणार नाही. तीच गोष्ट येथील इतर हत्तींची. जन्मभर माणसावर अवलंबून राहिलेला हत्ती जंगलात सोडता येत नाही. मूळ आयुष्य हे केंद्र परत देऊ शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. येथे सामावणारे हत्ती देशातल्या अडीच हजारांच्या मानाने फार थोडे आहेत. म्हणून हत्तीवरील सवारी नाकारण्याचे आवाहन संस्था पर्यटकांना करते, आणि रुग्णालयात पशुवैद्यांना व माहुतांना प्रशिक्षण दिले जाते.

भेटीसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. हत्तीवर बसणे किंवा त्याच्याकडून खेळ करून घेणे येथे होत नाही. ठरावीक अंतरावरून त्यांना पाहता येते. मथुरा व आग्रा ही जवळची मोठी रेल्वेस्थानके असून हिवाळ्याचे महिने भेटीस सोयीचे.