हृदयासाठीं शोधलेलें औषध

इंग्लंडच्या केंट परगण्यांत सँडविच नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेंत इ. स. १९८९ च्या सुमारास सिल्डेनाफिल हें द्रव्य तयार झालें. हेतु होता हृदयशूळावर उपाय शोधण्याचा. त्या कामीं गुण यथातथाच आला. परंतु चांचणींतील पुरुषांनीं एक निराळाच परिणाम सांगितला आणि संशोधनाची दिशा पालटली. २७ मार्च १९९८ रोजीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवर तें विकण्यास अनुमति दिली. 'व्हायाग्रा' हें नांव लवकरच जगभर झालें.

रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा नाश करणारें एक एन्झाइम शरीरांत असतें. हें औषध त्याला रोखतें. त्याच एन्झाइमचें एक भावंड डोळ्याच्या पडद्यांत आहे; म्हणून कांहीं जणांना थोडा वेळ सर्व निळसर दिसतें. तो परिणाम ओसरतो. पुढील वृत्तें मात्र अधिक गंभीर होतीं. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा खुंटून दृष्टि एकाएकीं गेल्याच्या नोंदींवरून जुलै २००५ मध्यें या वर्गांतील तिन्ही औषधांच्या माहितीपत्रकांत इशारा आला. श्रवण एकाएकीं गेल्याच्या २९ नोंदींवरून ऑक्टोबर २००७ मध्यें दुसरा आला. आंचके, मेंदूंतील रक्तस्राव व तात्पुरता स्मृतिलोप यांचाही उल्लेख सिल्डेनाफिलच्या पत्रकांत आहे.

येथें विवेक हवा. हें औषध घेणाऱ्यांत मधुमेह व रक्तदाब यांनीं ग्रासलेले पुष्कळ. आणि डोळ्याचा तोच विकार त्या रोगांत औषधावांचूनही होतो. औषधानंतर घडलें तें औषधानेंच घडविलें, असें म्हणतां येत नाहीं. म्हणून प्रशासनानें औषध बंद केलें नाहीं, सावध मात्र केलें.

एका बाबतींत शंका उरली नाहीं. नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्या हृदयरोग्यानें ही गोळी घेतली, तर रक्तदाब प्राणावर बेतण्याइतका खालावूं शकतो. हृदयासाठीं शोधलेलें औषध हृदयरोग्यालाच असें घातक ठरावें, हा दैवदुर्विलास! त्यांत लाजेची भर पडते. परस्पर आणलेली गोळी घरांत कोणास ठाऊक नसते. छातींत कळ येऊन तो माणूस रुग्णालयांत पोंचला, तर डॉक्टर अजाणतां तेंच नायट्रोग्लिसरीन देण्याचा संभव असतो.

वरील इशारे जमले, तेही कांहीं रुग्णांनीं संकोच सोडून आपलें दुखणें सांगितलें म्हणूनच. दृष्टि किंवा श्रवण एकाएकीं मंदावल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें, हें आज त्या पत्रकावर छापलेलें असतें, तें त्यांच्यामुळें.