उत्तरेकडून नेलेली मुले

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार राज्यांच्या सरहद्दींनी विभागलेल्या मुलखात राहणाऱ्या सामी लोकांच्या भाषेवर काय गुदरले, याची हकिकत आता पुष्कळ लिहिली गेली आहे. परंतु त्याच लोकांतील कर्णबधिर, अंध अथवा मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांच्या वाट्याला जे आले, ते त्या हकिकतीत अजून नीटसे सामावलेले नाही, आणि माझ्या मते तेथेच या अन्यायाचे अत्यंत निष्ठुर रूप दृष्टीस पडते.

नॉर्वेच्या सरकारने 1881 साली कायदा करून कर्णबधिर, अंध व मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. ट्रॉन्डहाइम येथील कर्णबधिरांची शाळा तर त्यापूर्वीच, 1825 साली, स्वतः कर्णबधिर असलेल्या आंद्रेआस क्रिस्तियान म्योल्लर यांनी स्थापिली होती. पण उत्तर टोकाच्या फिनमार्क प्रांतातील सामी मुलास ही शाळा गाठावयाची, तर किनाऱ्याकिनाऱ्याने कित्येक दिवसांचा सागरप्रवास करणे प्राप्त होते. 1893 साली ट्रॉन्डहाइम व फिनमार्कमधील हामरफेस्ट यांच्या दरम्यान नियमित आगबोट सुरू झाली, तरीही घर दूरच राहिले.

याच काळात सामी बालकांस नॉर्वेजियन बनविण्याचे धोरण ऐन भरात होते. 1898 च्या एका सरकारी परिपत्रकाने शाळेतील सामी भाषेचा वापर निव्वळ अपरिहार्य प्रसंगापुरता सीमित केला आणि 1905 पासून फिनमार्कमध्ये सरकारी वसतिगृहशाळा उभ्या राहू लागल्या. या वसतिगृहांतील ऐकू येणारी मुले शिक्षकांची पाठ फिरताच आपसांत मातृभाषेत कुजबुजू तरी शकत. कर्णबधिर मुलाला तेवढाही आडोसा नव्हता. कर्णबधिरांच्या शिक्षणासंबंधी 1880 साली भरलेल्या मिलान परिषदेनंतर युरोपभर बोलक्या पद्धतीचा, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याचा, आग्रह बळावला होता. साहजिकच ज्याला नॉर्वेजियन ओठ वाचावयास शिकविले, ते मूल सुटीत घरी आले, की सामी बोलणाऱ्या आईच्या ओठांवरून त्याला काय उमगावे? शाळेत सोबत्यांकडून शिकलेल्या खुणा घरी कोणास ठाऊक नसत, आणि घरच्या खुणांना शाळेत थारा नसे.

वास्तविक सामी संस्कृतीचा फार मोठा भाग कानांवाचूनही आत्मसात होण्याजोगा आहे. दुओज्जी, म्हणजे शिंग, लाकूड, कातडे व धागे यांची हस्तकला, वडीलधाऱ्यांच्या हातांकडे पाहत पाहत शिकावयाची असते. गाक्ती या पोशाखाच्या काठावरून आणि पट्ट्यांवरून माणूस कोणत्या भागातला, हे जाणत्याला कळते. आणि रेनडियरच्या कानांवर कापलेली खूण त्याचा धनी कोण, हे सांगते. हे सारे डोळ्यांनी व हातांनी मिळविण्याचे ज्ञान ज्या वयात अंगी मुरते, नेमक्या त्याच वयात त्या मुलाला परमुलखात नेले जाई. त्याचे कान गेले होते. त्याचा वारसा मात्र शासनाच्या व्यवस्थेने नेला.

मंदबुद्धी ठरलेल्यांसाठी उत्तर नॉर्वेत 1954 साली त्रास्ताद येथे मोठी संस्था निघाली. पुढे 1991 च्या सुधारणेने अशा संस्थांचे दरवाजे बंद होऊ लागले आणि तेथील रहिवाशांची जबाबदारी स्थानिक नगरपालिकांकडे आली. त्याच सुमारास, 1992 मध्ये, सामी भाषेसंबंधीचा कायदा अंमलात येऊन कारास्योक, कौतोकेइनो आदी सहा नगरपालिकांच्या हद्दीत आरोग्य व समाजसेवेत सामी भाषेत बोलण्याचा हक्क मिळाला. 12 नोव्हेंबर 2024 रोजी नॉर्वेच्या संसदेने नॉर्वेजियन बनविण्याच्या त्या जुन्या धोरणाबद्दल क्षमाही मागितली. ती योग्यच झाली; परंतु ज्यांना सामी भाषा बालपणी लाभूच दिली नाही, त्यांना 1992 च्या त्या हक्काचा उपयोग करावयाचा, तर खुणांच्या भाषेसह सामी रीतिरिवाज जाणणारा दुभाषी व परिचारक हाताशी असावा लागतो, आणि तो मिळवून देणे हे आता शासनाचेच देणे आहे.